चव्वेचाळीस क्रेडिटचा मेंदू

डॉ. मकरंद देशिंगकरांचा पट्टा सोमवारी सकाळी परत आला, तेव्हा त्याला दुधात बुडवलेल्या बिस्किटाचा वास येत होता.

कराडच्या प्रज्ञादीप महाविद्यालयाच्या भारमापन कक्षात परत येणाऱ्या पट्ट्यांना नाना वास येतात. खोबरेलाचे, बामचे, परीक्षेच्या धास्तीचे. रात्रभर कपाळाला बांधून झोपायची वस्तू ती, तिला माणसाचा वास लागणारच. पण बिस्किटाचा वास पहिल्यांदाच आला होता. कक्षातले परिचर मुजावरचाचा यांनी पट्टा खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं,

"मॅडम, देशिंगकर सरांचं डोकं केवढं असंल?"

"का हो?"

"न्हाई, पट्टा पार शेवटच्या खाचेवर आवळलाय. एवढ्यात माझी मूठ बसती फक्त."

देशिंगकर सरांचं डोकं हे महाविद्यालयातलं सर्वांत मोठं डोकं होतं, आणि हे केवळ त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. पदवीदान समारंभात त्यांची टोपी वेगळी शिवून घ्यावी लागत असे. भारमापन अधिकारी केतकी जगदाळे हिने पट्टा यंत्राला जोडला. पडद्यावर रात्रीचा आलेख उलगडला. मोठमोठ्या, ऐसपैस लाटा. मध्ये एकदा जाग, वीसेक मिनिटं. पुन्हा गाढ झोप. तळाशी हिरव्या अक्षरांत निकाल: 'अनुज्ञेय भार, चव्वेचाळीस क्रेडिट.'

त्या यंत्रावर आजवर कुणालाही तीस मिळाले नव्हते.

"चाचा, हे तान्हं मूल आहे," केतकी म्हणाली.

"सरांची नात आलीया पुण्याहून," मुजावरचाचा म्हणाले. "दीड वर्साची. काल घाटावर बाबागाडीत बघितली. लई गोड हाय."

आता हा पट्टा नेमकं काय मोजतो, हे सांगायला हवं. दिवसभर आपण जे नवं शिकतो ते आधी मेंदूच्या एका छोट्याशा भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, साठतं. दुकानाच्या ओट्यावर उतरवलेला माल जसा तात्पुरता पडून असतो, तसं. रात्री गाढ झोप लागली की हा माल आतल्या कोठारात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात, नेऊन रचला जातो. जे रचलं गेलं ते आठवतं. ओट्यावर राहिलं ते उडून जातं. ही ने-आण चालू असताना मेंदूत विजेचे छोटे छोटे झटके उठतात. आलेखावर ते सूत गुंडाळलेल्या चातीसारखे दिसतात, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते. म्हणून त्यांना चात्याच म्हणतात. पट्टा झोपलेल्या माणसाच्या कानात अगदी हलके आवाज सोडतो आणि त्यावर आणखी किती चात्या उठतात ते मोजतो. थोडक्यात, कोठाराकडे जाणाऱ्या वाटेवर आणखी किती हमाल मावतील याची मोजदाद. तिचा क्रेडिटमध्ये हिशेब झाला की त्या विद्यार्थ्याला त्या सत्रात किती विषय झेपतील ते ठरतं.

लहान मुलाच्या मेंदूत रात्री बाजार भरलेला असतो. त्याला अख्खं जग शिकायचं असतं. पन्नाशीनंतर मात्र आकडा सात-आठवर येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, केस जातात तसंच ते आहे. पण देशिंगकर सर केसही काळे करत.

पट्टा आला तेव्हा लोकांना आनंदच झाला होता. पूर्वी एका सत्रात बावीस क्रेडिट म्हणजे सगळ्यांना बावीस. एकाच मापाचा सदरा सगळ्या गावाला. आता ज्याला जेवढं झेपेल तेवढंच ओझं. कल्पना दयाळू होती. महाविद्यालय स्वायत्त झालं आणि नियमावली लिहायचं काम देशिंगकरांकडे आलं, तेव्हा त्यांनी या दयेला एक कलम जोडलं: क्षमतेपेक्षा जास्त क्रेडिट घेता येणार नाहीत, तसेच क्षमतेपेक्षा कमीही घेता येणार नाहीत, कारण विनावापर मेंदू हा राष्ट्राचा तोटा आहे. छत आणि जमीन एकाच पातळीवर आणण्याचा प्रयोग बांधकामशास्त्रात कुणी केला नव्हता. शिक्षणशास्त्रात झाला.

आणखी एक कलम होतं. विद्यार्थ्यांनी पट्टा बांधून कक्षातल्या खाटांवर, कॅमेऱ्यासमोर झोपायचं. प्राध्यापकांना मात्र पट्टा घरी न्यायची मुभा, कारण चारचौघांत झोपणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. विद्वत् परिषदेच्या बैठका पाहिलेल्या कुणालाही या वाक्यावर हसू आलं असतं, पण ते त्याच बैठकीत मंजूर झालं, आणि त्या वेळी निम्मी परिषद झोपलेली होती.

यंदा जूनमध्ये प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती. त्या जागेसाठी 'शैक्षणिक नेतृत्व' हा वीस क्रेडिटचा अभ्यासक्रम एकाच सत्रात पुरा करावा लागे. देशिंगकरांना वीसचा मेंदू हवा होता. घरात एक होता. वर्गात प्रॉक्सी पकडण्यात हयात घालवलेल्या माणसाला प्रॉक्सी लावणं किती सोपं असतं हे ठाऊक असणारच. फक्त ती प्रॉक्सी चव्वेचाळीसची निघेल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पडद्यावर दोन बटणं होती. 'संशयास्पद' आणि 'मान्य'.

केतकीने चहा मागवला.

लग्नाआधी ती केतकी थोरवडे होती. तिचे वडील एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लाउडस्पीकरवरून 'कोल्हापूरहून येऊन साताऱ्याकडे जाणारी' म्हणायला लागले की स्टँडबाहेरचा फळवालासुद्धा घड्याळ लावायचा, असा त्यांचा आवाज. केतकी शेवटच्या सत्रात असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्या आवाजाचे तीन तुकडे उरले. 'बा', 'टे' आणि 'मुम'. एकदा 'टे' म्हणजे पाणी. दोनदा 'टे' म्हणजे मला कुशीवर वळव. 'मुम' म्हणजे आई कुठाय, आणि खिडकीकडे बघून 'मुम' म्हणजे आत्ता गेली ती गाडी कुठली. घरात दुसऱ्या कुणालाच हे समजेना. केतकीला समजू लागलं, रोज थोडं थोडं, जशी एखादी भाषा येते तसं. त्याच आठवड्यात तिचं भारमापन झालं. ओट्यावर वडिलांचाच माल पडला होता आणि वाटेवर वडिलांचेच हमाल होते. पट्टा म्हणाला, चौदा.

पदवी वेळेत पुरी व्हायला बावीस लागत होते. पुण्याच्या एका संस्थेत वाचा-उपचाराच्या अभ्यासक्रमाला तिची जागा ठरली होती. बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायची विद्या. ती तिला का हवी होती हे सांगायला नको.

ती देशिंगकर सरांकडे गेली. तेव्हा ते तरुण होते आणि डोकं तेवढंच होतं.

"सर, या आठवड्यात माझ्या डोक्यात वडिलांचंच सगळं—"

"थोरवडे, मेंदूला वडील वगैरे कळत नाहीत. भार कळतो."

"पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मोजा ना, सर."

"असं प्रत्येकीला पुन्हा मोजत बसलो तर मोजण्याला अर्थ काय राहिला? मापन चुकत नसतं. माणसं चुकतात." मग, ते काही वाईट मनाचे नव्हते म्हणून, त्यांनी तिची समजूत काढली. "आणि चौदा काही वाईट नाहीत. मुलींना पुरतात."

पुण्याची जागा गेली, आणि वडिलांच्या उठबशीत उरलेले आठ क्रेडिटही राहून गेले. पुढच्या थंडीत वडील गेले. तोवर त्यांच्याशी नीट गप्पा मारू शकणारं जगात एकच माणूस होतं आणि त्या माणसाकडे त्या भाषेची पदवी नव्हती. पुढे भारमापन कक्षात पदवी न लागणारी जागा निघाली तेव्हा केतकीने अर्ज केला. सूड घ्यायला नव्हे. सुडाला वर्षं लागतात आणि पगार दर महिन्याला लागतो.

चहा संपला. 'संशयास्पद' दाबलं तर चौकशी समिती बसणार. भारमापनविषयक सर्व चौकशा ज्या समितीकडे जात, तिचे अध्यक्ष होते डॉ. मकरंद देशिंगकर. ते स्वतःला निर्दोष ठरवतील, केतकीला ताकीद देतील आणि पट्टा पुन्हा घरी नेतील. या खेपेला वीस-बावीस क्रेडिटचा एखादा शेजाऱ्याचा पोरगा गाठून.

तिने 'मान्य' दाबलं.

"अवो मॅडम!" मुजावरचाचा दचकले. "त्या लेकराच्या डोक्यावर सरांचं वझं?"

"नाही, चाचा. सरांच्या डोक्यावर लेकराचं."

मुजावरचाचांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांनी पट्टा स्पिरिटने पुसला आणि गुणगुणत फडताळात ठेवून दिला.

आकडा फुटायला दुपार पुरली. संध्याकाळी महाविद्यालयाच्या पानावर सरांचा फोटो झळकला. दुसऱ्या दिवशी शिक्षक संघटनेने सत्कार ठेवला, तिसऱ्या दिवशी माजी विद्यार्थ्यांनी, चौथ्या दिवशी एका पतसंस्थेने, जिला सत्कार करायला कुणीतरी लागायचंच. पहिल्या शालीपर्यंत देशिंगकरांना खरं काय ते आठवत होतं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. दुसऱ्या शालीला ते 'यंत्राची कृपा' म्हणाले. तिसऱ्या शालीला त्यांनी भाषण केलं. "मला लहानपणापासूनच शंका होती," ते म्हणाले.

मग ते स्वतः पेढे घेऊन भारमापन कक्षात आले.

"घ्या, जगदाळेबाई. तुमच्यासारखी माणसं पडद्यामागं राबतात म्हणून आमच्यासारखी पुढं दिसतात."

"अभिनंदन, सर. चव्वेचाळीस म्हणजे विक्रमच."

"अहो, आकडे काय!" ते खुर्चीत रेलले. "तुम्ही किती वर्षं आहात इथं? मी पाहिलेलं नाही तुम्हाला फारसं."

"बरीच वर्षं आहे, सर. तुमचीच विद्यार्थिनी."

"वा! म्हणजे आमच्या हाताखालून गेलेली मुलं कुठंतरी लागतातच." आणि कोणत्या सालची, हे न विचारता ते उठले.

केतकीने पेढा खाल्ला. चांगला होता. सुडात अन्नाचा अपमान करण्याचं कारण नव्हतं.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना ती शिट्टी वाजवत होती. तिचा नवरा सुहास रोपवाटिका चालवायचा. नखांतली माती धूत तो म्हणाला,

"लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतोय. झालंय काय?"

तिने सांगितलं. सुहासने सगळं ऐकून घेतलं आणि टॉवेलला हात पुसले.

"मग पकडून दे ना त्याला. वर्तमानपत्रात दे. मोकळी हो."

"पकडला तर तो चोर ठरेल, सुहास. चोराची लोकांना पुढं कीव येते. मला त्याला चोर नाही करायचं."

"मग?"

"विद्यार्थी करायचंय."

सुहास तिच्याकडे बघत राहिला. "तू घाबरवतेस कधी कधी," तो म्हणाला, आणि स्वतःची पोळी स्वतः वाढून घेतली.

पुढच्या सोमवारी संगणकाने देशिंगकरांचं वेळापत्रक काढलं. 'शैक्षणिक नेतृत्वा'चे वीस क्रेडिट. उरले चोवीस. नियमाप्रमाणे तेही याच सत्रात घेणं सक्तीचं, आणि नोंदणी उशिरा झाल्यामुळे जिथे जागा शिल्लक होत्या तेच विषय. पाली भाषा परिचय. दुग्धतंत्र. गणिती तर्क. हवामानशास्त्र, प्रात्यक्षिकासह. लोकनृत्य. मधमाशीपालन. सकाळी साडेसातला गोठ्यात हजर, संध्याकाळी सहाला सभागृहात लेझीम. हजेरीची अट नव्वद टक्के. पूर्वी ती पंचाहत्तर होती. ती कुणी वाढवली ते नियमावलीवर सहीसकट छापलेलं होतं.

देशिंगकरांनी आधी हसण्यावारी नेलं. मग फोन केले. फोनवर सगळ्यांनी एकच सांगितलं: सर, तुम्हाला काय अवघड, चव्वेचाळीसचा मेंदू!

शालींचा हाच घोटाळा असतो, त्या परत करता येत नाहीत.

केतकीच्या टेबलावरच्या पडद्याला सगळ्या वर्गांच्या हजेरीचे कॅमेरे जोडलेले होते. ते भाराची देखरेख म्हणून, सरकारी कामासाठी. ती सरकारी कामच करत होती. पहिल्या आठवड्यात तिने देशिंगकरांना गोठ्यात म्हशीपुढे प्रस्तावना करताना पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात गणिती तर्काच्या वर्गात फळ्यासमोर उभं राहून, खडू हातात धरून, शांतपणे काहीही न लिहिताना. मुलं त्यांना शेवटच्या बाकावर जागा राखून ठेवत. एका मुलीने त्यांना पालीची उजळणी करायला सोपी युक्ती सांगितली. ती त्यांनी अतिशय आदराने लिहून घेतली आणि ताबडतोब विसरले. लोकनृत्यात त्यांचा पाय मुरगळला. हवामानशास्त्राच्या चाचणीत त्यांना वीसपैकी दोन मिळाले, त्यातला एक नावाचा.

केतकीला हे पाहायची सवय लागली. डबा ती पडद्यासमोरच खायची. घरी आल्यावरही डोक्यात तेच, देशिंगकर आज कुठे अडखळले, उद्या कुठे अडखळतील.

"उद्या आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय ना?" एका संध्याकाळी तिने सुहासला विचारलं.

"ते काल होतं," सुहास म्हणाला. "मी नेलं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रोपांना पाणी घालायला निघून गेला. केतकी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या डोक्यातली सगळी वाट एका माणसाने अडवली होती, आणि तो माणूस तिला ओळखतसुद्धा नव्हता. हे आता संपवायला हवं, असं तिला वाटलं. क्षमा करून नव्हे. वसूल करून.

फार थांबावं लागलं नाही. सत्राच्या मध्यावर, एका दुपारी, देशिंगकर कक्षात आले. त्यांच्या बुटाला शेण होतं आणि केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं. केस काळे करायला वेळ कुठून काढणार? त्यांनी मुजावरचाचांकडे पाहिलं. चाचा समजून बाहेर गेले आणि दाराला कान लावून उभे राहिले.

"मॅडम, माझं पुन्हा मापन करा."

"पुनर्मापनाची तरतूद नाही, सर."

"अहो, आकडा चुकला असणार!"

"यंत्राचा?"

देशिंगकरांनी आवाज उतरवला. "समजा हं… नुसतं समजा. पट्टा घरात पडलेला असताना एखाद्या लहान मुलानं खेळता खेळता डोक्याला लावला असेल…"

"आणि रात्रभर झोपलं असेल? मध्ये दूध पिऊन?"

त्यांनी मान खाली घातली.

"तसं असेल तर ती तोतयेगिरी झाली, सर," केतकी म्हणाली. "पदासाठी कायमची अपात्रता आणि नावासकट जाहीर सूचना. नियम सतरा. त्या नियमाची भाषा फार स्वच्छ आहे. कुणी लिहिलाय?"

"मीच."

"आणि सत्र अर्धवट सोडलं तर नापास. म्हणजे प्राचार्यपद गेलंच."

"मॅडम, मी मरेन हो! मला रात्री झोपेत माश्या दिसतात. म्हशी पालीत बोलतात." ते रडतील असं तिला वाटलं, पण ते शिक्षक होते, स्वतःला आवरण्याआधी त्यांनी दार बंद आहे का पाहिलं. "काहीतरी मार्ग काढा. तुमचं काही काम असेल, बढती, बदली, काहीही. मी प्राचार्य झालो की—"

"मार्ग एक आहे."

ते पुढे सरकले.

"विद्वत् परिषदेची बैठक येतेय. तुम्ही उभं राहायचं आणि ठराव मांडायचा. हे मापन चुकू शकतं. त्यावरून कुणाचाही भार सक्तीनं ठरवू नये. आणि आजवर ज्यांना यंत्राचं कारण सांगून क्रेडिट नाकारले, त्यांना ते परत घेऊन पदवी पुरी करता यावी. वयाची अट नाही."

देशिंगकरांचा चेहरा असा झाला, जणू तिने त्यांच्या घरातली भिंत मागितली. "ते माझं आयुष्यभराचं काम आहे."

"हो."

"लोक मला काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, चव्वेचाळीसचा मेंदू असूनही किती नम्र माणूस."

ही बाजू त्यांच्या लक्षात आली नव्हती. ते क्षणभर तिथे रेंगाळले. मग त्यांनी संशयाने विचारलं, "यात तुमचा काय फायदा?"

"मी केतकी थोरवडे. मला तुम्ही चौदा दिले होते."

"थोरवडे…" ते छताकडे पाहू लागले. "थोरवडे… कुठल्या बॅचची? गव्हाणचे थोरवडे का?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं तिने मनात त्यांच्याशी भांडणं केली, दर वेळी नवी उत्तरं तयार केली, आणि त्या सगळ्या भांडणांना समोरची बाजू हजरच नव्हती. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण ओरडू. तिने नुसती मान हलवली.

"आठवायची गरज नाही, सर. फक्त म्हणा. स्वतःच्या शब्दांत. मी तिथं असेन."

बैठक प्रशासकीय इमारतीच्या मोठ्या दालनात होती. भारमापन अधिकारी म्हणून केतकीला मागच्या रांगेत बसायची परवानगी होती. देशिंगकर लंगडत उठले. ते शब्द चघळत बोलतील, पळवाटा ठेवतील, अशी तिची खात्री होती, आणि तसं झालं तर काय करायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

"मी असं म्हणत आलो," देशिंगकरांनी सुरुवात केली, "की मापन चुकत नाही, माणसं चुकतात. ते चूक होतं." दालनात चुळबुळ झाली. "माणसाच्या डोक्यात त्या आठवड्यात काय चाललंय, हे पट्ट्याला समजत नाही. कुणी घरी आजाऱ्याची उठबस करत असेल. कुणी काही वेगळंच शिकत असेल, ज्याला आपल्याकडे क्रेडिट नाहीत. माझी नात…" ते थांबले. ते पाणी प्यायले. "माझी नात आता बोलायला लागली आहे. रोज एक नवा शब्द आणते. रात्री मला सांगते. सकाळी मला त्यातला एकही आठवत नाही. माझ्या डोक्यात जागाच नाही. ती मला पुन्हा सांगते आणि मी पुन्हा विसरतो, आणि आता तिनं मला सांगायचं सोडलंय."

दालनात कुणीच झोपलेलं नव्हतं.

केतकीला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते खरं बोलत होते. तिला खोटं ऐकायची तयारी होती. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिने ते देशिंगकरांच्या खात्यावर लावलं. त्याचीही वसुली करायची ठरवली.

ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध कोण करणार? चव्वेचाळीसवाला म्हणतोय म्हटल्यावर सात-आठवाल्यांनी हात वर केले. सक्ती गेली, पट्टे गेले, भारमापन कक्षही गेला. कर्मचाऱ्यांना परीक्षा विभागात सामावून घेतलं जाईल असं ठरलं. केतकीने त्याच वेळी मनाशी ठरवलं की आपण परीक्षा विभागात जायचं नाही. आपण पुण्याला जायचं. आधी इथले राहिलेले आठ क्रेडिट घ्यायचे आणि मग तिथं ती विद्या शिकायची. पन्नाशीला आली तर आली. पहिला पेशंट म्हणून सुहासला बसवायचं; त्याच्याशी कितीतरी दिवसांत धड बोलणं झालेलं नव्हतं.

रजिस्ट्रारबाईंनी ठराव वाचून दाखवला. शेवटचं वाक्य त्यांनी नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचलं. देशिंगकरांना ते ऐकू गेलं नाही, कारण तोवर त्यांच्याभोवती हात मिळवायला गर्दी झाली होती आणि कुणीतरी शालही आणली होती.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी केतकीला गाठलं. चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी तेज आलं होतं.

"झालं ना मनासारखं? सुटलो बुवा एकदाचा! आता 'नेतृत्वा'चे वीस तेवढे करतो. बाकीचं सगळं आजपासून बंद."

"आजपासून नाही, सर. पुढील सत्रापासून."

"काय?"

"ठराव पुढील सत्रापासून अंमलात येईल. वाचलं ना आत्ता."

"पण मी तर… हे सत्र?"

"या सत्राला जुनेच नियम. विषय सोडायची मुदतही मागच्या शुक्रवारी संपली."

देशिंगकरांनी शाल खांद्यावरून काढली. ती कुठे ठेवावी हे न सुचून ते ती हातात धरूनच उभे राहिले. "तुला हे माहीत होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांनी तिला पुन्हा 'तू' म्हटलं होतं.

"सर, आपल्याकडं एकही गोष्ट कधी चालू सत्रापासून सुरू झालेली नाही. तुम्हालाही माहीत असणार. पण डोक्यात जागा नसेल."

"अगं, तुला हवं होतं ते मी दिलं ना आत! सगळ्यांसमोर दिलं!"

"दिलंत की. अगदी मनापासून दिलंत."

"मग हे कशासाठी?"

केतकीने थोडा विचार केला. त्यांना खरं उत्तर द्यायला हरकत नव्हती.

"हे वर," ती म्हणाली. "भाजीवाली भाजीवर कोथिंबीर घालते ना, तसं."

खाली पटांगणापलीकडे, बाभळीच्या ओळीखाली मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या आणि दुपारची तुकडी जाळीच्या टोप्या चढवून उभी होती. कुणीतरी व्हरांड्याकडे बघून हात केला. "सर, चला की! राणीमाशी शोधायचीय!"

देशिंगकरांनी शाल कठड्यावर टाकली आणि लंगडत जिना उतरू लागले. मोठ्या डोक्यावर बसेल अशी टोपी तिथे एकही नव्हती. मुलांनी दोन जाळ्या एकमेकींना बांधून त्यांच्या तोंडावर घातल्या. केतकी कठड्याला रेलून उभी राहिली. त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण उचलेपर्यंत ती तिथून हलली नाही.